तीन नंबरच्या सिलिंडरची चौकशी

आमची गाडी मिसिंग करते आणि वर ऑइलही खाते, ही बातमी मला खालच्या मजल्यावरच्या बॉयलरसाहेबांनी दिली, आणि तीही अशा सुरात, की माझ्याच रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवताहेत. सकाळी मी गाडी सुरू ठेवून काच पुसत होतो. मागून धूर येत होता. मला वाटलं, थंडी आहे, येणारच. बॉयलरसाहेब फिरून परतत होते ते तिथेच थबकले. हे गृहस्थ नोकरीत कारखान्यांचे बॉयलर तपासायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून कुठे वाफ किंवा धूर दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. समोरच्या बाईंचा कुकरसुद्धा त्यांनी एकदा चौथ्या शिट्टीला बंद करायला लावला होता.

"थंडीचा धूर पांढरा असतो," ते म्हणाले. "हा निळा आहे. निळा म्हणजे तेल जळतंय. आणि आवाज ऐका. टुक, टुक, फुस्, टुक. चारातला एक सिलिंडर काम करत नाहीये. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"आलं होतं की," मी म्हणालो. माझ्या काहीही लक्षात आलं नव्हतं. गाडी दोन महिने सिग्नलला उभी राहिली की थरथरायची हे खरं, पण आमच्या घरात बऱ्याच वस्तू थरथरतात. फ्रिज थरथरतो. कपड्यांचं मशीन तर चालत चालत न्हाणीघराच्या दारापर्यंत येतं. प्रत्येकाची दखल घ्यायची म्हटली तर माणसानं नोकरी कधी करायची?

पण वेळ वाईट होती. आदल्याच दिवशी बायकोला शाळेचं पत्र आलं होतं. गणिताच्या शिक्षिकेची जागा, एक तारखेला हजर व्हा. हिनं अठरा वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडली ती आमची मुलगी लहान होती म्हणून, मग माझ्या आईचं आजारपण निघालं म्हणून, आणि मग कशासाठी ते आता कुणालाच आठवत नव्हतं म्हणून. त्या संस्थेत पन्नाशी उलटलेल्यांना नव्यानं घेत नाहीत. हिला पन्नास पुरी व्हायला चार महिने होते. म्हणजे ही गाडी चुकली की संपलं, दुसरं पत्र यायचं नव्हतं. शाळा टेकडीपलीकडे, पस्तीस किलोमीटरवर. पहिला तास सव्वासातला, आणि तिकडे जाणारी पहिली बस पोचते आठ दहाला. हिच्याकडे परवाना होता, आणि गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवते हे मी इथे मान्य करतो, कारण इथे ती ऐकत नाही.

शिवाय गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. पंचवीस तारखेपर्यंत ती तपासणी कार्यालयात नेऊन धुराच्या चाचणीत पास करून घ्यायची, नाहीतर रस्त्यावर आणायला बंदी. आज तारीख होती आठ.

"अहो, दादाकडे दुसरी गाडी नुसती झाकून ठेवलेली आहे," बायको म्हणाली. "महिनाभर घेऊ या ना तीच."

दादा म्हणजे माझा मेहुणा. आम्ही ही गाडी घेतली तेव्हा त्यानं तिला एक प्रदक्षिणा घातली होती आणि म्हणाला होता, "छान आहे भाऊजी. तुम्हाला शोभते." ह्या वाक्यावर मी पंधरा वर्षं विचार करतोय आणि अजून मला त्याची चांगली बाजू सापडलेली नाही. त्याची गाडी मागून आणण्यापेक्षा मी पस्तीस किलोमीटर हिला खांद्यावर घेऊन गेलो असतो. "आपली गाडी आहे ना?" मी म्हणालो. "मग आपल्याच गाडीतून जायचं. माझ्यावर सोड."

तिनं माझ्यावर सोडलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी आधी मिस्त्रीकडे गेलो, हे नमूद करतो. मिस्त्रीचं गॅरेज पेट्रोल पंपाच्या मागे आहे. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, कान दिला, तेलाच्या झाकणावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "हं."

"हं म्हणजे काय?"

"सोडून जा दोन दिवस. उघडून बघतो."

"झालंय काय ते आधी सांगा."

"उघडल्याशिवाय कसं सांगू साहेब?"

"आणि सांगितल्याशिवाय मी उघडायला कसं देऊ? आधी कारण लेखी द्या, मग मी परवानगी देतो."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं, फडक्याला हात पुसले आणि शेजारच्या टेम्पोखाली जाऊन आडवा झाला. त्याचे पाय तेवढे दिसत होते. पायांशी वाद घालता येत नाही, म्हणून मी परत आलो.

इथे माझा व्यवसाय सांगायला हवा. मी आमच्या खात्यात चौकशी अधिकारी आहे. कुणी फाइल हरवली, कुणी उशिरा आलं, कुणी साहेबांना उलट बोललं की प्रकरण माझ्याकडे येतं. चोवीस वर्षांत माझ्या हाती एकशे चौदा चौकश्या आल्या. त्यातल्या एकशे नऊ अजून चालू आहेत. लोकांना वाटतं हा दोष आहे. त्यांना खात्याचं काम कळत नाही. घाईनं केलेल्या चौकशीत निर्दोष माणूस सापडण्याचा धोका असतो. तर मी ठरवलं, एवढ्या माणसांची चौकशी केली, एका इंजिनाची होणार नाही? मी आठ दिवसांची रजा टाकली आणि एक नवी फाइल उघडली. वर ठळक अक्षरात लिहिलं, "वाहनातील धूर व अनियमित कामकाज."

"गाडीची फाइल?" बायकोनं विचारलं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दहावीची गणितं सोडवत बसली होती. अठरा वर्षांनी अभ्यासक्रम बदलला होता.

"मुळाशी गेल्याशिवाय इलाज करायचा नसतो," मी म्हणालो.

"एक तारखेच्या आत जाल ना मुळाशी?"

मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

चौकशी समितीत बॉयलरसाहेब आपणहून आले. दुसरे सदस्य वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण त्यांच्याकडे तोंडात घालायचा बारीक कॅमेरा होता, आणि बॉयलरसाहेबांच्या मते स्पार्क प्लगच्या भोकातून तो आत जाणार होता. गेला. आम्ही तिघं बॉनेटवर ओणवे होऊन त्याच्या छोट्या पडद्यावर सिलिंडरचं पोट बघत होतो. डॉक्टर सवयीनं गाडीला "जरा आणखी उघडा" असं म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळले.

"एक बरा आहे. दोन बरा आहे. चार बरा आहे," ते म्हणाले. "तीनमध्ये भयंकर कीट आहे. सगळं काळं आणि ओलं. किती वर्षं साफ केलेलं नाही?"

तिसऱ्याचा प्लगही बाहेर काढला तो तेलानं न्हालेला. आरोपी सापडला. पण मी चौकशी अधिकारी, मला आरोपी पुरत नाही, कारण हवं. बॉयलरसाहेब म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. तेल खालून वर येतंय." डॉक्टर म्हणाले, त्यांनी काल इंटरनेटवर वाचलंय, व्हॉल्व्हचे सील गेले की तेल वरून खाली येतं. खालून वर की वरून खाली, यावर दोघांचं इतकं जुंपलं, की शेवटी डॉक्टर त्यांना म्हणाले, "साहेब, तुमच्या कवळीचं काम अर्धं राहिलंय हे लक्षात ठेवा." बॉयलरसाहेब दोन दिवस फिरकले नाहीत.

त्या दोन दिवसांत मी एकट्यानं प्रगती केली. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात एक युक्ती दिली होती. ठिणगी देणारी कॉइल प्रत्येक सिलिंडरला वेगळी असते. संशयित सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावायची. बिघाड तिच्याबरोबर गेला तर कॉइल दोषी, तिथेच राहिला तर कॉइल सुटली. मला हे फारच आवडलं. ही तर सरळ बदली झाली. मी तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावली, आणि हात लागलाच होता म्हणून तिसऱ्याचा प्लगही पहिल्याला लावला. गाडी सुरू केली. फुस् पहिल्याकडे गेला. मी टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी बॉयलरसाहेब परत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही एकदम हलवलेत? मग बिघाड कॉइलबरोबर गेला का प्लगबरोबर, हे कसं कळणार?"

चोवीस वर्षांत मी साहेबाची आणि त्याच्या शिपायाची एकत्र बदली कधी होऊ दिली नाही, आणि घरच्या प्रकरणात ही चूक केली. सगळं पुन्हा उलट लावलं, पुन्हा एकेक हलवलं. प्लग दोषी निघाला. नवा प्लग बसवला. गाडी दोन दिवस सुतासारखी चालली, बायकोनं एकदा शाळेपर्यंत जाऊन रस्ताही बघून घेतला आणि आल्यावर ती स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी किती वर्षांनी ऐकलं हे मी फाइलमध्ये लिहिलं नाही, त्याला रकाना नव्हता. पहिल्या दिवशी डबा कुठला न्यायचा, बाटली कुठली, हे तिनं मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो, कारण माझ्या डोक्यात तेल होतं.

तिसऱ्या दिवशी प्लग पुन्हा तेलानं भरला आणि फुस् परत आला.

म्हणजे मूळ तेलातच होतं. तेल किती जातं, किती वेगानं जातं, हे कळल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं. मी सात दिवसांची निरीक्षणं ठरवली. रोज सकाळी साडेसहाला, इंजिन थंड असताना, तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, काढायची, आणि फूटपट्टीनं मोजून फाइलमध्ये लिहायचं. रोज दहा किलोमीटर ठरलेल्या रस्त्यानं फेरी. बायको म्हणाली, "मिस्त्रीकडे टाकली असती तर एव्हाना..." मी तिला थांबवलं. चौकशी चालू असताना बाहेरचा दबाव चालत नाही.

पहिल्या दिवशी तेल दोन मिलिमीटर उतरलं. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी ते चार मिलिमीटर चढलं.

मी पट्टी तीनदा पुसली. तीनदा तेच. चौथ्या दिवशी आणखी तीन चढलं. बॉयलरसाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा बदलून बघितलं आणि म्हणाले, चाळीस वर्षांच्या नोकरीत तेल खाणारी यंत्रं पाहिली, तेल तयार करणारं हे पहिलंच. डॉक्टरांनी सुचवलं, की सूज असेल. पाचव्या दिवशी तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि गाडीतून इतका धूर निघाला की समोरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. आता चारही सिलिंडर मिसिंग करायला लागले होते. रात्रंदिवस मला एकच प्रश्न पडला होता, हे तेल येतं कुठून?

सहाव्या दिवशी सहालाच खाली उतरलो, तर बायको बॉनेट उघडून उभी. हातात तेलाचा डबा, तोंडाला नरसाळं लावलेलं.

"हे काय करतेस?"

"तेल कमी होतंय म्हणालात ना तुम्ही. म्हणून रोज थोडं घालते," ती म्हणाली. "एक तारखेच्या आत इंजिन जाम झालं तर मी काय करू? तुम्ही फक्त मोजताय. मोजून भरतं का ते?"

आता कुणीही शहाणा माणूस इथे काय म्हणाला असता? बाई माझे, तुझी काळजी मला दिसली नाही, असं काहीतरी. मी म्हणालो, "तू पुरावा नष्ट केलास."

मग तिनं नरसाळं पुसलं, डब्याचं झाकण लावलं, बॉनेट मिटलं आणि वर गेली. मी तिथेच उभा राहून फाइलमध्ये लिहिलं, "त्रयस्थ हस्तक्षेपामुळे मागील निरीक्षणे बाद. जादा तेल काढून नव्याने सात दिवस." जादा तेल काढताना निम्मं माझ्या शर्टावर आलं. समोरच्या बाईंनी वरून विचारलं, "भाऊजी, काही मदत?" हा प्रश्न त्या अशा विचारतात की मदत न मागणंच बरं वाटतं.

तारीख झाली होती तेवीस. नवी निरीक्षणं तीस तारखेपर्यंत चालणार होती. पण तपासणी कार्यालयाची वेळ पंचवीसची घेऊन ठेवलेली. मी विचार केला, गाडी थोडा धूर काढते, तर आपण आधीच सगळं उघडपणे मांडलेलं बरं. अधिकाऱ्याला अधिकाऱ्याची भाषा कळते. मी अर्जाबरोबर माझा अंतरिम अहवाल जोडला. अकरा पानं, दोन तक्ते, डॉक्टरांच्या कॅमेऱ्यातली सहा छायाचित्रं.

त्या कार्यालयात एक लांब खोली आहे, मध्ये लाकडी काउंटर, पलीकडे एक बाई. त्यांच्या टेबलावर रबरी शिक्क्यांचा गोल गोल फिरणारा स्टँड. त्यांनी अर्ज बघितला, अहवाल बघितला, पान उलटलं, पुन्हा पहिलं पान काढलं.

"यात लिहिलंय की गाडी तेल जाळते."

"हो. पण कारण शोधणं चालू आहे. पान सात बघा."

"तुम्हीच लिहून दिलंय की गाडी तेल जाळते. मग चाचणी कशाला करायची?"

"अहो, पण प्रत्यक्ष धूर किती निघतो ते यंत्र सांगेल ना? कदाचित मर्यादेत असेल."

"अर्जदाराची कबुली आली की यंत्र लावत नाही आम्ही," त्या म्हणाल्या, आणि हे त्या मुळीच खोचकपणे म्हणाल्या नाहीत, तसा नियमच होता. मला तो नियम इतका ओळखीचा वाटला की मी वादही घातला नाही. खात्यात मी स्वतः कित्येकांना कबुलीवर झोपवलंय. त्यांनी शिक्का फिरवला, मारला. "दोष निवारण करून या. पुढची तारीख सात. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही."

"माझ्या मागे जो होता ना," मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्याच्या गाडीतून तर काळे ढग निघत होते. त्यानं काही लिहून दिलं नव्हतं. पास झाला."

ती वह्यांना कव्हरं घालत होती. कव्हर घालता घालता म्हणाली, "म्हणजे एक तारखेला आपली गाडी नाही."

"फक्त सहा दिवसांचा प्रश्न आहे."

"मी भाड्याची गाडी करून जाईन. नाहीतर दादा सोडेल. एक तारखेला मी तिथे असणार, कशीही. तुम्ही आता काही करू नका."

तुम्ही आता काही करू नका. चोवीस वर्षं चौकशी अधिकारी असलेल्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर, असं सांगायचं! आणि दादा सोडणार. दारात हॉर्न वाजवणार, समोरच्या बाई गॅलरीत येणार, मी बनियनवर उभा, आणि मेहुणा काच खाली करून म्हणणार, "काय भाऊजी, सापडला का दोष?" माझ्या डोळ्यांसमोर हे चित्र इतकं स्वच्छ उभं राहिलं की माझी भूक गेली.

मी बसलो आणि शाळेला पत्र लिहिलं. तिला विचारलं नाही. वाटलं, काम झाल्यावर सांगू, खूश होईल. मी आजवर शेकडो मुदतवाढी मागितल्या आहेत आणि एकही नाकारली गेलेली नाही, मुदतवाढ मागणं हे आमच्या खात्यात श्वास घेण्यासारखं आहे. मला खरोखर वाटलं नाही, की जगात अशीही ठिकाणं असतात जिथे एक तारीख म्हणजे एक तारीख. पत्र चांगलं उतरलं होतं. "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, उमेदवार यांचे वाहन चौकशीअधीन असल्याने त्यांना नियत दिनांकास हजर होणे शक्य दिसत नाही. सबब पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळावी. उमेदवाराचे पती या नात्याने." खाली माझी सही. हुद्द्यासकट.

एकोणतीस तारखेला दुपारी उत्तर आलं. चार ओळी. आपली अडचण समजली. उमेदवार हजर होऊ शकत नसल्याची नोंद घेऊन यादीतील पुढील उमेदवारास आजच नेमणूक देण्यात आली आहे. शुभेच्छा.

पाकीट तिच्याच नावाचं होतं, त्यामुळे तिनंच उघडलं. दारातच उभी राहून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"यांना कुणी कळवलं, मी येणार नाही म्हणून?"

"येणार नाही असं नाही लिहिलं मी," मी म्हणालो. "पंधरा दिवस फक्त..."

तिनं हात वर केला, म्हणजे थांबा. तशीच फोनकडे गेली. मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं. "मॅडम, मी येतेय एक तारखेला. हो, मी येतेय. नाही, ते मी नाही लिहिलं. माझ्या मिस्टरांनी. नाही, मला माहीत नव्हतं. त्यांनी सहीसुद्धा केली का? हो. हो, बरोबर आहे तुमचं, तुम्ही तरी काय करणार. नाही, पुढच्या वर्षी नाही जमणार, तोवर मला पन्नास पूर्ण होतात. हो. थँक्यू मॅडम." ती थँक्यू म्हणाली, हे मला अजून सहन होत नाही. तिनं ओरडायला हवं होतं. तिनं फोन ठेवला, कव्हर घातलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. स्टुलावर चढून, अगदी मागे.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. किल्ली हुकवरून काढली, गाडी दोरानं आपल्या गाडीला बांधली आणि ओढत मिस्त्रीकडे नेली. मी मागून रिक्षानं गेलो. आपल्याच गाडीच्या मागून रिक्षानं जाण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये.

मिस्त्रीनं इंजिनाच्या बाजूला हात घातला आणि करंगळीच्या पेराएवढी एक झडप काढून माझ्या तळहातावर ठेवली. इंजिनातली वाफ जाण्यासाठी असते ती, म्हणाला. ती उघडीच अडकली होती, त्यामुळे तेल ओढलं जात होतं, आणि तिची नळी तिसऱ्या सिलिंडरजवळ निघते, म्हणून तिसऱ्याचा प्लग भिजायचा. रिंगा ठणठणीत. सील ठणठणीत. नवी झडप, नवा प्लग, चाळीस मिनिटं. मधे चहासुद्धा झाला. धूर गेला, फुस् गेला.

"पहिल्याच दिवशी आवाजावरून अंदाज आला होता साहेब," तो म्हणाला. "शीळ येत होती बारीक. झाकणावर हात ठेवला तर हात ओढला जात होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही लेखी मागितलंत. मला लिहिता येत नाही चांगलं."

मेहुणा तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. त्यानं टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मला एक फोन करायचा होतात हो." बस. एवढंच.

सात तारखेला गाडी पास झाली. या वेळी मी काही जोडलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी यंत्र लावलं, आकडा बघितला आणि "नवी असल्यासारखी आहे" म्हणाल्या. मी प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. बायको खिडकीशी बसून भाजी निवडत होती.

"पास झाली," मी म्हणालो.

"बरं झालं."

"मी काय म्हणतो, आपण शाळेच्या संचालक मंडळाकडे अपील करू. मुद्दे भक्कम आहेत. मी मसुदा करतो, तू फक्त..."

"एक विचारू?" ती म्हणाली. भाजीवरून तिनं हात काढला नाही. "मी जावं असं तुम्हाला वाटत होतं ना? खरं सांगा. रागावणार नाही मी."

"म्हणजे काय! अर्थात!" मी म्हणालो.

पण मी ते लगेच नाही म्हणालो. मधे थोडा वेळ गेला. फार नाही, एक श्वास घ्यायला लागेल तेवढा. त्या वेळात मला चार वाजताचा चहा दिसला, कुलूप लावलेलं दार दिसलं, रात्री तपासायच्या वह्यांमागे बसलेली ती दिसली, आणि त्या घरात कुणाचाच साहेब न उरलेला मी दिसलो. हे मी त्या महिनाभरात एकदाही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि नोंदवलं नसेल. चौकशीत मी कॉइलला विचारलं, प्लगला विचारलं, रिंगांना विचारलं. चौकशी अधिकाऱ्याला कुणी विचारलं नाही.

तो वेळ तिनं मोजला. मला कळलं की मोजला. तिनं मान हलवली आणि निवडलेली भाजी परातीत लोटली.

"अपील नको," ती म्हणाली. "आणि एक करा. ह्यापुढे माझ्याबद्दल कुठे काही लिहू नका. एक ओळसुद्धा नको. माझं मी बोलेन."

"नाही लिहिणार," मी म्हणालो. वचन दिलं.

गाडी आता फार सुरेख चालते. सिग्नलला उभी असली तर बंद पडली की काय असं वाटून मी पुन्हा किल्ली फिरवतो. बायको तिच्यात बसत नाही. बाजारात चालत जाते, बहिणीकडे बसनं जाते, आणि किल्ली हुकवर आहे म्हटलं तर "असू दे" म्हणते. भांडत नाही, बोलणं टाकलेलं नाही, चहा चारला मिळतो. काल मी टेबलाशी हेच लिहीत बसलो होतो, तेव्हा ती कप ठेवायला आली आणि कागदांकडे बघून तिनं विचारलं, "काय लिहिताय एवढं?"

"गाडीचं," मी म्हणालो, आणि वरच्या पानावर हात ठेवला.